हृदयविकार आणि मधुमेहाच्या एपिडेमिऑलॉजीत शिरताना: पहिल्या पाच वर्षांसाठी मार्गदर्शन

हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, रक्तदाब आणि लठ्ठपणा यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर वेगळे आणि हे आजार कोणाला, किती जणांना आणि कशामुळे होतात हे मोजणारे संशोधक, म्हणजे एपिडेमिऑलॉजिस्ट, वेगळे. हा लेख दुसऱ्या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. कोलेस्टेरॉल, सिगारेट आणि रक्तदाब यांना आज आपण सहज ‘जोखीम घटक’ म्हणतो. ती कल्पना रुळली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रामिंगहॅम या गावामुळे. तिथे १९४८ मध्ये ५,२०९ स्त्रीपुरुषांची तपासणी सुरू झाली आणि त्याच लोकांना दर दोन वर्षांनी पुन्हा तपासत राहिले. पुढे त्यांच्या मुलांचा आणि नातवंडांचाही अभ्यासात समावेश झाला. या क्षेत्राची पद्धत थोडक्यात हीच आहे: नीट मोजा, लोकांना धरून ठेवा, वाट पाहा.

नवखे बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी सॉफ्टवेअर, मग मशीन लर्निंग, मग कुणाकडे डेटा मिळतो का याचा शोध. रक्तदाब कसा घेतला जातो हे न पाहिलेल्या माणसाला रक्तदाबाच्या आकड्यांतली खोट दिसत नाही. म्हणून इथे मोजमापाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

डिग्री

एमबीबीएस झालेल्यांसाठी सरळ वाट म्हणजे कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी. पण जनरल मेडिसिन करूनही या क्षेत्रात येता येते, आणि तसे आलेल्यांना वॉर्डातल्या अनुभवाचा फायदा आयुष्यभर होतो. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, आहारशास्त्र किंवा संख्याशास्त्र केलेल्यांसाठी एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, आहे. चेन्नईची राष्ट्रीय एपिडेमिऑलॉजी संस्था, तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन सेंटर, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ही त्यासाठी ओळखीची ठिकाणे. आकड्यांची आवड असेल तर देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिथूनच चालते.

एमबीबीएसला असतानाच आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अल्पकालीन विद्यार्थी संशोधनासाठी अर्ज करा. प्रकल्प दोन महिन्यांचा असतो. निष्कर्ष किरकोळ निघाले तरी चालतील, कारण प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा) लिहून नीतिसमितीपुढे जाण्याची सवय लागते. राष्ट्रीय एपिडेमिऑलॉजी संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रमही लवकर उरकून घ्या. पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना तो पुढे करावाच लागतो.

कुठल्या कोहॉर्टवर काम करायचे

डिग्री मुलाखतीपर्यंत नेते. पुढची दहा वर्षे कशी जातील हे ठरते पहिल्या कोहॉर्टवर, म्हणजे वर्षानुवर्षे पाठपुरावा होत असलेल्या लोकसमूहावर. महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदरपणातल्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. वजनाला हलक्या पण शरीरात चरबी राखून असणाऱ्या भारतीय बाळांची गोष्ट जगाला कळली ती या कामातून. आईच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असेल, तर मुलामध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला जास्त प्रतिरोध दिसतो, हा धागाही इथलाच. एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून यातले काहीही हाती लागले नसते.

कामाला लागण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्या, आणि उत्तर गुळमुळीत आले तर तेही उत्तरच समजा. मागच्या फेरीत किती टक्के लोक पुन्हा सापडले? ८० टक्क्यांच्या खाली आकडा असेल तर कारण विचारा. गोठवलेले नमुने आहेत का आणि त्यांची यादी संगणकावर आहे का? कनिष्ठ संशोधकाला पहिला लेखक होता येते का, आणि याआधी कोण झाले आहे? डेटा मागण्याची लेखी पद्धत आहे का?

फील्डवरचे मोजमाप

निदान सहा महिने स्वतः फील्डवर जा. जागतिक आरोग्य संघटनेची ‘स्टेप्स’ ही पद्धत पाया म्हणून चांगली आहे: पहिली पायरी प्रश्नावली, दुसरी शरीराची मापे, तिसरी रक्त.

रक्तदाबापासून सुरुवात करू. माणसाला १५ मिनिटे शांत बसवा. पाठीला आधार हवा, पाय जमिनीवर टेकलेले आणि एकमेकांवर न टाकलेले, दंड हृदयाच्या पातळीवर. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा दगदग नको. लघवीला जाऊन येऊ द्या. तीन वेळा मोजा, प्रत्येक वेळेत तीन मिनिटांचे अंतर ठेवा आणि शेवटच्या दोन मापांची सरासरी घ्या. पहिले माप बहुधा चढेच येते.

घोळ कुठे होतो? सर्वांत जास्त कफमध्ये. कफच्या आतल्या रबरी पिशवीने दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग वेढला पाहिजे. जाड दंडावर छोटा कफ लावला की रक्तदाब खोटा वाढतो, आणि लठ्ठपणा व रक्तदाब यांचा संबंध आहे त्याहून घट्ट दिसू लागतो. म्हणजे चूक आकड्यात होते आणि वर निष्कर्षालाही चिकटते. टीमजवळ तीन आकारांचे कफ आणि दंड मोजायला टेप असलीच पाहिजे. दुसरा घोळ हाताचा: दंड हृदयाच्या खाली लोंबत असेल तर दर सेंटिमीटरमागे साधारण ०.८ मिमी पारा वाढतो. खाटेवर बसलेल्या माणसाचा हात मांडीवर ठेवून मोजले तर सहज आठ-दहा मिमी चढतात. हाताखाली घडी घातलेली चादर ठेवली की काम होते. तिसरा घोळ गप्पांचा. मोजताना प्रश्नावली भरून घेण्याचा मोह प्रत्येक टीमला होतो. तो मोडून काढा.

दर आठवड्याला शेवटच्या अंकांची तपासणी करा. डिजिटल यंत्रावर ० ते ९ यांपैकी प्रत्येक अंक साधारण दहा टक्के वेळा यायला हवा. एखाद्या कार्यकर्त्याच्या नोंदींत शून्य पंचवीस टक्के येत असेल, तर तो आकडे गोल करतोय किंवा घरी बसून भरतोय. दोन्ही शक्यतांसाठी उपाय वेगळा आहे, म्हणून आरोप करण्याआधी एक दिवस त्याच्यासोबत जा.

कंबरेचा घेर सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध मोजतात, नेहमीसारखा श्वास सोडल्यानंतर. बेंबीवरून नाही. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमी ही मर्यादा धरतात. साडीच्या निऱ्या आणि परकराची नाडी यांमुळे माप दोन-तीन सेंमी सहज बदलते. म्हणून मोजणारी स्त्रीच हवी, आणि आडोसा हवा. जुना पडदा आणि दोरी सोबत ठेवली की शाळेच्या खोलीतही सोय होते. दोन मोजणाऱ्यांना त्याच वीस माणसांवर स्वतंत्रपणे मोजायला लावा. फरक वारंवार दीड-दोन सेंमीच्या पुढे जात असेल तर प्रशिक्षण पुन्हा घ्या.

वजनकाटा सारवलेल्या जमिनीवर ठेवला तर खोटे बोलतो. खाली प्लायवूडची फळी घाला आणि रोज सकाळी ठरलेले वजन ठेवून तपासा. उंची घेताना अंबाडा सोडायला सांगावा लागतो. बॉडी मास इंडेक्स काढताना आशियाई मर्यादा वापरा: २३ च्या पुढे अतिरिक्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा. परदेशी अभ्यासाशी तुलना करायची असेल तर २५ आणि ३० या मर्यादांचे आकडेही वेगळे द्या.

रक्ताचे नमुने

उपाशी पोटी म्हणजे किमान आठ तास, पाण्याखेरीज काही नाही. महाराष्ट्रात इथे एक हमखास फसगत होते. ‘उपवास आहे का?’ असे विचारले की लोक ‘हो’ म्हणतात, आणि सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्लेली असते. ‘काही खाल्लंत का?’ असे विचारले तर ‘नाही’ येते, कारण चहा खाण्यात धरत नाहीत. प्रश्न तीन करा: शेवटचे जेवण किती वाजता, सकाळपासून चहा-दूध-सरबत काही घेतले का, तोंडात तंबाखू किंवा मशेरी आहे का. चतुर्थी, एकादशी, नवरात्र आणि रमजान पाहूनच रक्त घेण्याच्या तारखा लावा.

ग्लुकोजसाठी सोडियम फ्लोराइडची राखाडी झाकणाची नळी वापरतात. साध्या नळीत खोलीच्या तापमानाला रक्तपेशी साखर खात राहतात आणि तासाला पाच ते सात टक्के साखर घटते. फ्लोराइडचा परिणाम पूर्ण व्हायलाही एक-दोन तास लागतात, म्हणून नळी लगेच बर्फात ठेवा आणि शक्यतो अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज करा. गावातून दुपारी निघालेली नळी संध्याकाळी प्रयोगशाळेत पोहोचत असेल, तर तुमच्या अभ्यासात मधुमेह कमी दिसणार, आणि लांबच्या गावांत जास्तच कमी दिसणार. त्यावरून ‘दुर्गम भागात मधुमेह कमी’ असा शोधनिबंध लिहिला जाऊ शकतो. नमुने घेताना आधी साधी नळी, मग एचबीए१सीसाठी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणाऱ्या चाचणीसाठी) ईडीटीएची जांभळी, शेवटी फ्लोराइडची, हा क्रम पाळा.

ग्लुकोज सहनक्षमता चाचणीत ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज २५० ते ३०० मिली पाण्यात पाच मिनिटांत पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. पाकिटावर ‘मोनोहायड्रेट’ लिहिलेले असेल तर ८२.५ ग्रॅम घ्यावे लागतात. आधीच मधुमेह माहीत असलेल्यांना हे पाणी देऊ नका. निदानाच्या मर्यादा पाठ असू द्या: उपाशीपोटी १२६, दोन तासांनी २०० मिग्रॅ (दर डेसिलिटरमागे), एचबीए१सी ६.५ टक्के. पूर्वमधुमेहासाठी मात्र उपाशीपोटीची साखर जागतिक आरोग्य संघटना ११० पासून आणि अमेरिकन डायबेटिस असोसिएशन १०० पासून मोजते. कुठली मर्यादा धरली ते निबंधात लिहिले नाही, तर तुमचा आकडा कुणाशीच ताडून पाहता येत नाही.

एचबीए१सीवर डोळे झाकून विसंबू नका. लोहाच्या कमतरतेमुळे तो खोटा वाढतो आणि आपल्याकडच्या स्त्रियांत ही कमतरता सर्रास आहे. गडचिरोली, नंदुरबारसारख्या सिकलसेल असलेल्या भागांत तो उलट्या दिशेनेही फसवतो. तिथे ग्लुकोजच मोजा.

सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) अर्धा-अर्धा मिलीच्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा, आणि एकाच माणसाचे नमुने दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये. वीज जाते, जनरेटर सुरू होत नाही, आणि हे कळते सोमवारी सकाळी. तापमान चढल्यावर फोनवर संदेश पाठवणारी घंटी फ्रीजरच्या किमतीपुढे काहीच नाही.

प्रश्नावली

‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ग्रामीण स्त्रिया नाही म्हणतात आणि रोज दोनदा मशेरी लावतात. मशेरी, गुटखा, मावा, बिडी यांना स्वतंत्र ओळ द्या. तेल माणशी विचारू नका. घरात महिन्याला किती पिशव्या लागतात आणि किती माणसे जेवतात हे विचारा आणि भागाकार स्वतः करा. मिठासाठी पापड, लोणचे, चटणी आणि फरसाण वेगवेगळे विचारा.

वय हा त्यातला अवघड प्रश्न. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख महाराष्ट्रात अमाप सापडते, आणि कागदावर तारीख छापली आहे म्हणून ती खरी ठरत नाही. ज्येष्ठांसाठी घटनांची यादी बनवा: १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप. ‘तेव्हा लग्न झालं होतं का, पहिलं मूल केवढं होतं’ यावरून वय बऱ्यापैकी पक्के होते. हृदयविकारात वयाइतका मोठा घटक दुसरा नाही, त्यामुळे इथली चूक पुढे सगळीकडे झिरपते.

आणि वेळापत्रक. मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या गावांत दिवाळीनंतर सर्वेक्षण केले तर घरी म्हातारी माणसे भेटतात. तिथे मजुरांच्या परतीनंतरचे महिने निवडा.

किती माणसे लागतील

समजा जिल्ह्यात मधुमेहाचे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास असेल असे तुम्ही धरता आणि अंदाज दोन टक्क्यांच्या आत हवा आहे. ३.८४ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) × ०.११ × ०.८९ याला ०.०२ च्या वर्गाने भागा, ९४० येतात. गावे निवडून त्यांतली माणसे घेणार असाल तर एका गावातली माणसे एकमेकांसारखी असतात, म्हणून या आकड्याला १.५ ने गुणा: १,४१०. वीस टक्के लोक नकार देतील किंवा भेटणार नाहीत असे धरून ०.८ ने भागा: सुमारे १,७६३. सल्लागाराकडे जाण्याआधी एवढे स्वतः करता आले पाहिजे.

कोहॉर्टचे गणित वेगळे असते. ३,००० माणसे दहा वर्षे पाहिली तर ३०,००० व्यक्तिवर्षे होतात. वर्षाला हजारी पाच हृदयघटना धरल्या तर दीडशे. मॉडेलमधल्या प्रत्येक घटकामागे दहा घटना या जुन्या ठोकताळ्याने पंधरा घटक तपासता येतील. पाचवा हिस्सा लोक हरवले तर बारा. म्हणूनच मुलाबाळांचे फोन नंबर, शेजाऱ्याचे नाव आणि गावातल्या आशाताईंशी असलेले संबंध यांना संशोधनात मोल आहे.

परवानग्या

आयसीएमआरची २०१७ ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वे वाचा. संमतिपत्र बोलीच्या जवळच्या मराठीत लिहा आणि दुसऱ्या कुणाकडून ते इंग्रजीत परत करवून घेऊन ताडून पाहा. परदेशी निधी किंवा नमुने बाहेर पाठवण्याची योजना असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते. तिला महिने लागतात, ते वेळापत्रकात धरा. रक्तदाब १८०/११० च्या वर सापडलेल्या माणसाचे त्याच दिवशी काय करायचे, हे प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून आधी लिहून ठेवा. अहवाल लोकांच्या हातात पडले नाहीत तर पुढच्या फेरीला दारे बंद होतात.

मृत्यूचे कारण

दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहिलेले असते. मरताना ती सगळ्यांचीच बंद पडते, तेव्हा या ओळीवर हृदयविकार मोजू नका. घरच्यांशी बोलून लक्षणांवरून कारण ठरवण्याची पद्धत, शाब्दिक शवचिकित्सा, शिकून घ्या. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत ती वापरली आणि पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण असल्याचे २०१५ मध्ये दाखवले: १४.३ टक्के मृत्यू. खेड्यात असे आजार नसतात ही समजूत त्या एका आकड्याने उडाली. दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे कारण ठरवावे आणि मतभेद झाल्यास तिसऱ्याने निकाल द्यावा.

विश्लेषण

आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसे आहे. पहिल्या वर्षी सार्वजनिक डेटावर हात साफ करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत रक्तदाब, कंबर आणि ग्लुकोज आहे. पण ते ग्लुकोज कधीही घेतलेले, बोटातून काढलेले आहे. त्यावर मधुमेहाचे निदान होत नाही, फार तर ‘साखर जास्त’ एवढेच म्हणता येते. आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने १,१३,०४३ लोकांवरून देशात ११.४ टक्के मधुमेह आणि गोव्यात २६.४ टक्के असे आकडे २०२३ मध्ये दिले. दोन्ही अभ्यासांचे आकडे वेगळे का, याची कारणे कागदावर लिहून काढणे हा उत्तम सराव आहे.

नवख्यांच्या निबंधात तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली, एकवेळच्या सर्वेक्षणातून कारण काढणे. मधुमेही लोक गोड कमी खातात असे दिसते, कारण निदानानंतर त्यांनी ते सोडलेले असते. दुसरी, गोळ्या घेणाऱ्यांचा रक्तदाब नियंत्रणात दिसला म्हणून त्यांना निरोगी गटात टाकणे. तिसरी जरा सूक्ष्म आहे: रक्तदाब एकदाच मोजला तर रोजच्या चढउतारामुळे त्याचा आजाराशी असलेला संबंध प्रत्यक्षाहून सौम्य दिसतो. म्हणून काही लोकांना तरी एक-दोन वर्षांनी पुन्हा मोजा, म्हणजे किती दुरुस्ती करायची ते कळते. शिवाय ट्रायग्लिसराइड ४०० मिग्रॅच्या पुढे असेल तर सूत्राने काढलेले एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) फेकून द्या, ते थेट मोजावे लागते.

निबंध, परदेश, पैसे

निरीक्षणात्मक अभ्यासाच्या निबंधात काय काय असावे हे सांगणारी ‘स्ट्रोब’ची २२ मुद्द्यांची यादी निबंध लिहून झाल्यावर पाहू नका, लिहायला बसताना समोर ठेवा. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. तिथे छापलेला निबंध पुढच्या अर्जात अडचणच करतो. लेखकांची नावे आणि त्यांचा क्रम विश्लेषण सुरू होण्यापूर्वी ईमेलवर ठरवून घ्या.

परदेशी जायचे असेल तर दक्षिण आशियाई लोकांवरचे कोहॉर्ट शोधा. लंडनच्या साउथॉल आणि ब्रेंट भागातला ‘सेबर’, किंवा सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरात २०१० मध्ये ९०६ लोकांवर सुरू झालेला ‘मसाला’. तिथे शिकलेले इथे थेट लागू पडते. परतताना इंडिया अलायन्स या आरोग्य संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेच्या फेलोशिपसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी यजमान संस्थेचे पत्र लागते, तेव्हा त्या संस्थेशी बोलणे वर्षभर आधी सुरू करा.

सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक प्रकल्पावरच्या आणि कंत्राटी असतात. पगार प्रकल्पाच्या निधीतून येतो आणि निधीचा हप्ता उशिरा आला की पगारही लांबतो. मुलाखतीत निधीचे किती महिने शिल्लक आहेत ते विचारा, आणि ते वर्षापेक्षा कमी असतील तर रुजू होण्याआधी पुढच्या निधीचा अर्ज गेला आहे का याची खात्री करून घ्या. हातात तीन महिन्यांच्या खर्चाची शिल्लक ठेवूनच हे काम पत्करा.